पहिल्या भेटीनंतर रुग्ण जातो कुठे?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही नाशिकला नर्सिंग केलंत आणि आता ओहायोतल्या कोलंबसमध्ये एका सामुदायिक आरोग्य केंद्रात केअर कोऑर्डिनेटर आहात. तुमच्याकडे भूतानी-नेपाळी कुटुंबं मोठ्या संख्येने येतात. पहिल्या तपासणीला सगळे हजर असतात, पुढच्या भेटीला निम्मेच. गोळ्या मध्येच बंद होतात. केंद्राने यासाठी थोडे पैसे बाजूला काढलेत आणि त्यातून नेपाळी माहितीपत्रकं छापायचा बेत आहे. तुम्ही विचारलंय, हे बरोबर आहे का, आणखी काय करता येईल, आणि तुमच्या हिंदीवर काम भागेल का.

मी याच शहरात फॅमिली फिजिशियन आहे, शिकलो मिरजेच्या मेडिकल कॉलेजात. २००९ साली पहिलं भूतानी कुटुंब माझ्या तपासणी खोलीत आलं, तेव्हापासून हे काम करतोय. माझं मत स्पष्ट आहे: पत्रकं छापू नका. त्या पैशांत त्यांच्यातलीच एक व्यक्ती पगारावर घ्या. असं का म्हणतो ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

ही माणसं मूळची दक्षिण भूतानची. तिथे त्यांना ल्होत्सम्पा म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे लोक. संत्र्याच्या आणि वेलदोड्याच्या बागा, गाईगुरं, असं शेतकरी आयुष्य. १९८५ला भूतानमध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा आला, १९८८ला शिरगणती झाली, आणि ज्यांना १९५८ सालच्या वास्तव्याचा पुरावा, बहुधा जमीन महसुलाची पावती, दाखवता आली नाही ते स्वतःच्या गावात परके ठरले. १९९० नंतर लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली किंवा काढली गेली. निघताना अनेकांकडून 'आम्ही स्वखुशीने देश सोडतो' अशा फॉर्मवर सह्या घेतल्या गेल्या. मग पूर्व नेपाळच्या झापा आणि मोरङ जिल्ह्यांतल्या सात छावण्यांमध्ये, बेल्डांगी, सनिश्चरे, गोल्धाप अशा ठिकाणी, बांबूच्या झोपड्यांत सतरा-अठरा वर्षं. २००८पासून तिसऱ्या देशांत पुनर्वसन सुरू झालं. २०१५च्या अखेरीस एक लाखाचा आकडा पार झाला, त्यातले साधारण ८५ हजार अमेरिकेत आले.

इतिहास एवढ्यासाठी सांगितला की तुमच्या रिसेप्शनवर काय होतं ते आता बघा. माणूस आत येतो आणि त्याच्या हातात पॅडवर लावलेले सात-आठ इंग्रजी फॉर्म दिले जातात. 'इथे सही करा, इथे आणि इथे.' ज्याचा देश एका पावतीपायी आणि एका सहीपायी गेला, त्याला आपण न वाचता येणाऱ्या कागदावर सह्या करायला लावतो. तो करतोही, मान हलवतो, 'ठिकै छ' म्हणतो. आपल्याला वाटतं समजलं. मी कित्येक वर्षं हेच समजत होतो. आता आमच्याकडे पहिल्या दिवशी फक्त दोनच सह्या घेतात, तपासणीची संमती आणि माहिती कुणाला द्यायची याची, आणि त्या दोन्हींचा अर्थ दुभाषी आधी तोंडी सांगतो. बाकीचे कागद दुसऱ्या भेटीला. 

आता मुख्य गोष्ट. रुग्ण येत नाही म्हटल्यावर केंद्रात सहसा चर्चा होते ती 'जागृती'ची. त्यांना रक्तदाबाचं गांभीर्य कळत नाही, म्हणून पत्रक छापा. मला हे निदानच चुकीचं वाटतं. तुम्ही एकदा असं करा: एक रुग्ण निवडा आणि त्याची गोळी डॉक्टरच्या संगणकातून निघाल्यापासून त्याच्या पोटात जाईपर्यंत तिच्यामागे चालत जा. मी हे पहिल्यांदा केलं ते अडुसष्ट वर्षांच्या एका आजोबांसाठी. रक्तदाब तीन भेटींत काही केल्या उतरत नव्हता, मी दर वेळी एक गोळी वाढवत होतो. शेवटी त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात एका स्टीलच्या डब्यात सगळ्या गोळ्या एकत्र ओतलेल्या होत्या. कारण विचारलं तर आजोबांनी बाटलीचं झाकण पुढे केलं. लहान मुलांना उघडू नये म्हणून इथे झाकण दाबून फिरवावं लागतं, आणि आजोबांच्या आखडलेल्या बोटांना ते जमत नव्हतं. नातू शाळेतून आला की तो उघडायचा, मग रोजची कटकट नको म्हणून सगळं एकदाच डब्यात. डब्यात तीन वेगवेगळ्या पांढऱ्या गोल गोळ्या होत्या. ते रोज सकाळी त्यातल्या तीन घ्यायचे. कुठल्या तीन, हे देवाला ठाऊक.

औषधाच्या दुकानात साधं झाकण मागितलं की मिळतं. एवढंच करायचं होतं. माझ्या तीन भेटी, तीन रक्तचाचण्या आणि त्यांचे तीन दिवस गेले.

त्याच घरात दुसरी गोष्ट कळली. आजीची साखरेची गोळी दोन महिन्यांपूर्वी संपली होती. बाटलीवर 'रिफिल ५' असं लिहिलेलं होतं, म्हणजे नवी भेट न घेता अजून पाच वेळा मिळणार होती. पण छावणीतल्या दवाखान्यात औषध मिळायचं ते ठरावीक दिवसांचं. संपलं की उपचार संपले, त्रास झाला तर पुन्हा रांगेत उभं राहायचं. रिफिल नावाची कल्पनाच तिथे नव्हती. आजींनी बाटली धुऊन त्यात मेथीदाणे भरून ठेवले होते. त्यांनी उपचार सोडले नव्हते, त्यांच्या समजुतीप्रमाणे पूर्ण केले होते. म्हणून मी आता पहिल्या भेटीतच सांगतो, ही गोळी भातासारखी आहे, रोजची आणि कायमची. आणि दुकानाशी बोलून सगळी औषधं महिन्याच्या एकाच तारखेला, जमल्यास सकाळ-संध्याकाळच्या पाकिटांत बांधून घेतो. पाकिटावर सूर्य आणि चंद्र. नेपाळी लिहून काय उपयोग, पिकल्या वयाच्या कित्येक बायकांना कुठलीच लिपी येत नाही. तुमच्या पत्रकांची अडचणही तीच आहे: ज्यांना वाचता येतं ती तरुण मंडळी इंग्रजीही वाचतात, आणि ज्यांच्यासाठी छापायचं त्यांना देवनागरी सुद्धा वाचता येत नाही.

फोनचं तसंच. तुमच्या केंद्रातून भेटीच्या आदल्या दिवशी फोन जातो तो बहुधा यंत्राचा आणि इंग्रजीत. अनोळखी नंबर घरात कुणी उचलत नाही. उचलला तर 'एक दाबा, दोन दाबा'. बदलायची वेळ हवी असेल तर उलट फोन करून पुन्हा तीच शिडी. हे बदलायला काहीही खर्च नाही. नेपाळी बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात वीस सेकंदांचा संदेश रेकॉर्ड करा आणि घरातल्या ज्या मुलाकडे किंवा सुनेकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे त्यांच्याकडे पाठवा. अर्थात त्यांची परवानगी घेऊन, आणि संदेशात आजाराचं नाव न घेता.

आणि चिठ्ठ्या. मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं, नूतनीकरण दर वर्षी होतं आणि त्याचं जाडजूड पाकीट टपालाने येतं. त्याच रंगाची, त्याच आकाराची पाकिटं जाहिरातींचीही येतात. घरी ती फ्रिजवर साठतात. मुदत टळली की कार्ड बंद, आणि ते कळतं औषधाच्या दुकानात, काउंटरवर. त्या क्षणी जो अपमान वाटतो त्यानंतर माणूस पुन्हा यायला धजत नाही. आमच्याकडे महिन्यातून एक शनिवार 'चिठीको दिन' असतो. घरातली न उघडलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणायची. दोन स्वयंसेवक आणि एक नेपाळी बोलणारी मुलगी बसते, चार तासांत चाळीस-पन्नास पाकिटं फोडली जातात. माझ्या अनुभवात रक्तदाब आटोक्यात आणायला या शनिवारांचा जितका हात आहे तितका माझ्या कुठल्याच गोळीचा नाही.

येण्या-जाण्याबद्दल थोडक्यात. मेडिकेड असलेल्यांना दवाखान्यात जाण्यासाठी गाडी मिळते, पण ती दोन-तीन दिवस आधी फोनवर सांगावी लागते. तो फोन तुम्हीच करून द्या, भेट ठरवतानाच. इथली बरीच माणसं गोदामांत कामाला आहेत आणि तिथे गैरहजेरीचे पॉइंट धरतात, अमुक पॉइंट झाले की नोकरी जाते. सकाळी साडेदहाची वेळ देऊन 'रुग्ण आला नाही' अशी नोंद करणं अन्यायाचं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ केंद्र आठपर्यंत उघडं ठेवा.

आता भाषा. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या हिंदीचा प्रश्न माझाही होता. छावणीत हिंदी सिनेमे पाहिलेले, त्यामुळे बऱ्याच जणांना हिंदी कळते, आणि आपल्याला वाटतं लिपी एक, शब्द ओळखीचे, दुभाष्याची काय गरज. एका आईने मला सांगितलं, 'नानीलाई ज्वरो आयो.' मी तिला विचारत बसलो, आजींचं वय किती, त्यांना मधुमेह आहे का. ती गोंधळून मांडीवरच्या बाळाकडे बघत होती. नेपाळीत नानी म्हणजे लहान मूल. 'कपाल दुख्यो' म्हणजे नुसतं कपाळ नव्हे, डोकं दुखतंय. आणि तोच कपाल शब्द केसांसाठीही. 'जाडो' म्हणजे थंडी, जाडेपणाशी त्याचा संबंध नाही. तापाच्या बाबतीत निदान बाळ समोर होतं म्हणून चूक लगेच कळली. छातीतलं दुखणं किंवा औषधाचा डोस असता तर? गप्पांना, स्वागताला, भीती घालवायला तुमची हिंदी जरूर वापरा. निदान, डोस, संमती या तिन्हींसाठी प्रशिक्षित दुभाषीच हवा. आणि सगळे भूतानी नेपाळीच बोलतात असंही धरू नका. काहींची घरची भाषा तामाङ, राई, लिंबू असते, म्हाताऱ्या बायकांची विशेष.

घरातलं मूल दुभाषी म्हणून उभं करू नका. अकरा वर्षांच्या एका मुलीने माझ्यासमोर स्वतःच्या आईच्या गर्भपाताची माहिती भाषांतरित केली आहे. मी ते होऊ दिलं, कारण फोनवर दुभाषी मिळायला वीस मिनिटं लागणार होती आणि बाहेर नऊ जण थांबले होते. ती मुलगी पुढे कित्येक महिने आईच्या कुठल्याच भेटीला आली नाही. २०१०च्या परवडणाऱ्या आरोग्यसेवा कायद्याचं कलम १५५७ आणि त्याचे नियम तातडीचा प्रसंग सोडून मुलांना दुभाषी करायला मनाई करतात, आणि १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली केंद्राने दुभाषी फुकट पुरवायला हवा. २०२५ला भाषेबाबतचा एक जुना अध्यक्षीय आदेश मागे घेतला गेला, त्यामुळे काही ठिकाणी 'आता गरज नाही' असं बोललं जातं. ते चूक आहे. हे दोन्ही कायदे जागेवर आहेत. तुमच्या व्यवस्थापकांना हे नम्रपणे पण लेखी कळवा.

पुढचा मुद्दा दिसायला छोटा आहे. या समाजातले सगळे एकमेकांना ओळखतात. मनाचा त्रास, घरातली मारहाण, दारू, गर्भधारणा असा विषय असेल तर समोर बसलेला स्थानिक दुभाषी अडचणीचा ठरतो; तो देवळात किंवा चर्चमध्ये पुन्हा भेटणार असतो, कधी जातीचा प्रश्न असतो. अशा वेळी दुसऱ्या राज्यातला फोनवरचा दुभाषी घ्या आणि त्याला रुग्णाचं नाव सांगू नका. रुग्णाला ते आधी सांगा. खांदे खाली येताना दिसतात.

यापुढे मला एका शब्दाबद्दल सांगायचंय: झमझम. 'हात-खुट्टा झमझमाउँछ' ही तक्रार तुम्ही दिवसातून तीनदा ऐकत असाल. आपल्याकडे मुंग्या येतात म्हणतात तेच. नेपाळमधल्या अभ्यासांत या तक्रारीचा संबंध उदासीनतेशी सापडला आहे, मन जड झालं की अंग झमझमतं. हे वाचून एका काळात मी प्रत्येक झमझमीला मनाचं दुखणं समजायला लागलो. चाळिशीच्या एका बाईंना मी पाच महिने नैराश्याची गोळी दिली. मग त्यांचा चालताना तोल जायला लागला. बी-१२ जीवनसत्त्व तपासलं, ते अगदी तळाला होतं. दोषाचं ओझं अजून माझ्यावर आहे, कारण तोवर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा इशारा छापून आला होता: २००८ ते २०११ या काळात आलेल्या भूतानी निर्वासितांच्या वेगवेगळ्या गटांत चौथ्या हिश्श्यापासून जवळजवळ दोन तृतीयांशांपर्यंत लोकांमध्ये बी-१२ कमी सापडलं, आणि आल्या आल्या सगळ्यांना ते द्यावं असा सल्ला होता. कारण उघड आहे. वर्षानुवर्षं रेशनचा तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साखर; दूध, अंडी, मांस जवळजवळ नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने बी-१२च्या कमतरतेवर किती काम केलंय हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. मला तर सगळ्यांत आधी सुचायला हवं होतं.

आज ही माणसं येऊन दहा-पंधरा वर्षं झाली, मग बी-१२ चा विषय संपला का? नाही. आता बऱ्याच जणांना मधुमेह झालाय, मेटफॉर्मिन चालू आहे, आणि मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करतं. पायांची झमझम मधुमेहाची म्हणून सोडून दिली जाते. तेव्हा तुमच्या केंद्रात एक नियम करून घ्या: झमझम म्हटलं की बी-१२ची रक्तचाचणी आणि मनाची विचारपूस, दोन्ही, त्याच दिवशी. एकाने दुसऱ्याला बाद करायचं नाही.

मनाची विचारपूस कशी करायची? नेपाळीत मन वेगळं आणि दिमाग वेगळा. दिमाग बिघडला म्हणजे पागल, म्हणजे घराची इज्जत गेली, मुलीचं लग्न अडलं. मन दुखणं मात्र कुणाच्याही वाट्याला येतं. 'तुम्हाला मानसिक आजार आहे का' असं दुभाष्याने दिमाग शब्द वापरून विचारलं की उत्तर नाही असंच येणार. 'मन कस्तो छ?' एवढं विचारा आणि थांबा. मी एक मिनिट घड्याळ बघून थांबतो. सिएटलमध्ये तयार झालेली आरएचएस-१५ नावाची पंधरा प्रश्नांची चाचणी नेपाळीत आहे, ती दुभाष्याकडून तोंडी घ्या.

हे सगळं मी आग्रहाने सांगतो त्यामागे आकडे आहेत. फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत अमेरिकेतल्या भूतानी निर्वासितांमध्ये १६ आत्महत्यांची नोंद झाली, दर लाखामागे वर्षाला सुमारे २०, त्या वेळच्या अमेरिकेच्या दरापेक्षा बराच जास्त. म्हणून जीवन संपवण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार येत नाहीत. विचारायला कुणी आहे हे कळतं. ९८८ हा आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदतवाहिनीचा नंबर घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये स्वतः घालून द्या, तिथे दुभाषी मागता येतो. आणि गोळ्यांइतकंच लक्ष दिवस कसा जातो याकडे द्या. ज्याने आयुष्यभर शेत केलं तो दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीशी बसून असतो. चर्चमागच्या मोकळ्या जागेत भाजीचा एक वाफा मिळाल्यावर बोलते झालेले आजोबा मी पाहिलेत; रायोको साग, म्हणजे मोहरीची पालेभाजी, लावतात आणि मला जुडी आणून देतात.

नव्याने येणाऱ्या कुटुंबांच्या हातात आयओएमची, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची, पांढरी पिशवी असायची, निळ्या अक्षरांची. तिच्यात छातीचा एक्स-रे, लसींच्या नोंदी, निघण्यापूर्वी दिलेल्या जंतांच्या औषधांची नोंद. जुन्या रुग्णांनी ती अजून कपाटात जपून ठेवलेली असते, कागद टाकायची त्यांची हिंमत नसते. आणायला सांगा. कुणाला स्टेरॉइड सुरू करायचं असेल तर आयव्हरमेक्टिन मिळालं होतं की नाही हे त्यात बघा, नसेल तर आधी स्ट्राँगिलॉइडिस या जंताची रक्तचाचणी करा. तो वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि स्टेरॉइडने जिवावर उठतो. आणखी एक: निम्म्या घरांतल्या माणसांची जन्मतारीख १ जानेवारी दिसेल, कारण खरी नोंदलेलीच नव्हती. त्यात आडनावंही तीच तीच, राई, गुरुङ, अधिकारी. एकाचा अहवाल दुसऱ्याच्या फाइलमध्ये जायला वेळ लागत नाही. फोटो काढून फाइलला लावा.

म्हाताऱ्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न डॉक्टरचा नाही असं अनेकांना वाटतं. तो डॉक्टरचाच आहे. निर्वासित म्हणून आलेल्या वृद्ध किंवा अपंग व्यक्तीला एसएसआय हे निर्वाहवेतन सात वर्षांपर्यंतच मिळतं. तोवर नागरिकत्व नाही मिळालं तर बंद. नागरिकत्वाला इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिला ही परीक्षा. भीतीने झोप जाते, रक्तदाब वाढतो, आणि मग आपण गोळी वाढवतो. परीक्षेतून सूट मागायच्या एन-६४८ या फॉर्मवर डॉक्टर लिहून देऊ शकतो की अमुक आजारामुळे ही व्यक्ती शिकू किंवा लक्षात ठेवू शकत नाही. पण वय किंवा निरक्षरता हे कारण चालत नाही. स्मृतिभ्रंश, डोक्याला झालेली इजा, गंभीर नैराश्य असा तपासून ठरवलेला, किमान वर्षभर टिकणारा विकार हवा आणि त्याचा शिकण्याशी संबंध नीट समजावून लिहायला हवा. घाईत दोन ओळी लिहिलेले फॉर्म परत येतात. मी यासाठी तीन भेटी राखून ठेवतो. आणि हे फार थोड्यांना माहीत आहे: ५५ वर्षं पूर्ण आणि कायम रहिवासी म्हणून १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची सूट मिळते, नागरिकशास्त्राची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. निर्वासितांचं कायम वास्तव्य आल्याच्या तारखेपासून धरतात. म्हणजे २००८ ते २०११मध्ये आलेल्यांची ही पंधरा वर्षं एकेक करून भरत आली आहेत. तुमच्या यादीतून अशी माणसं आजच काढा आणि एखाद्या मोफत कायदा-सल्ला केंद्राकडे पाठवा.

ही घाई यासाठीही की दिवस कठीण आहेत. जानेवारी २०२५मध्ये निर्वासितांना घेण्याचा कार्यक्रम थांबवला गेला, नव्याने आलेल्यांची वैद्यकीय मदत १२ महिन्यांवरून ४ महिन्यांवर आणली गेली, आणि २०२५च्या कायद्यानुसार ऑक्टोबर २०२६पासून ग्रीन कार्ड नसलेल्या निर्वासितांना मेडिकेडची दारं बंद होतात. ज्यांनी ग्रीन कार्डचा अर्ज लांबवला असेल त्यांना हे समजावून सांगा. मार्च २०२५पासून काही भूतानी माणसांना परत पाठवलं गेलं, आणि भूतानने त्यांना पुन्हा सीमेबाहेर काढल्याच्या बातम्या आल्या. त्या आठवड्यांत माझ्या केंद्रात रोज रिकाम्या खुर्च्या होत्या. अशा वेळी 'नागरिकत्व काय' हा प्रश्न रिसेप्शनवर मोठ्या आवाजात विचारला जाऊ नये.

तर मग पगारावरची व्यक्ती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि पुढे गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. मिरजेला शिकत असताना मी तिथे पंधरा दिवस राहिलो होतो. तिथे शिकलो ते इथे उपयोगी पडलं: शेजारणीने सांगितलेलं पाळलं जातं. तुमच्या केंद्रात अशीच एक बाई शोधा. इंग्रजी फाडफाड यायची गरज नाही. लोक आजारपणात आधी कुणाचं दार ठोठावतात ते विचारा, तीच ती. तिला पूर्ण वेळचा पगार, फोन, गाडीचा खर्च आणि केंद्राचं ओळखपत्र द्या. स्वयंसेवक म्हणून फुकट राबवू नका. मी ते दोन वर्षं केलं आणि ती बाई दमून गोदामात कामाला गेली, तासाला पैसे तरी मिळतात म्हणून. तिच्याकडे दुभाष्याचं काम देऊ नका, ते वेगळं प्रशिक्षण आहे. तिचं काम घरी जाणं, डबा उघडून बघणं, पाकीट फोडणं, गाडी सांगणं. गुप्ततेचं प्रशिक्षण आधी, बाकी नंतर. आणि दर आठवड्याला डॉक्टरसोबत अर्धा तास बसायची तिची वेळ पक्की ठेवा, नाहीतर ती जे बघून येते ते फाइलमध्ये कधीच पोचत नाही.

व्यवस्थापनाला हे पटवायला आकडे लागतील, आणि तिथे एक खाच आहे. संगणकात हे रुग्ण 'आशियाई' या एकाच रकान्यात पडतात. त्या रकान्यात आपले आयटीतले मराठी लोकही आहेत, पगार चांगला, विमा चांगला. सरासरी छान दिसते आणि बेल्डांगीहून आलेली आजी तिच्यात गायब होते. वंशाऐवजी भाषेचा रकाना लावून यादी काढा: नेपाळी भाषा नोंदवलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या भेटीला आले, कितींच्या भेटीत दुभाष्याची नोंद आहे, नव्वद दिवसांनी कितींनी रक्तदाबाची गोळी पुन्हा घेतली. आधी हे तीन आकडे काढा, बाईंना नेमा, सहा महिन्यांनी पुन्हा काढा. वाद घालावा लागणार नाही.

राहिलं तुमचं नेपाळी शिकणं. तीसेक शब्द पुरेत, उच्चार आपल्या जिभेला सोपे आहेत. वयाने मोठ्यांना बा, आमा. बरोबरीच्यांना दाइ, दिदी. आणि हाक मारली की 'हजुर'. सगळ्यांत आधी एक क्रियापद शिका: बार्नु. तपासणी संपली की जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो, 'के के बार्नुपर्छ?' म्हणजे पथ्य काय. अमेरिकन डॉक्टर म्हणतो, काही नाही, सगळं खा. झालं, रुग्णाच्या लेखी या डॉक्टरने आजार मनावरच घेतला नाही. रक्तदाबाला लोणचं आणि नूनचिया, म्हणजे मीठ घातलेला चहा, कमी, साखरेला भाताचं ताट अर्ध्यावर आणि अर्ध्या जागेत साग, खैनी बंद, आणि उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, कुठली टाळायची. ही चार उत्तरं नेपाळीत पाठ करून ठेवा आणि रुग्ण दाराशी पोचायच्या आत स्वतःहून सांगा.